एमबीएला निघालीस, तर एवढं ऐक

पोरी, एमबीए म्हणजे नोकरीची हमी नव्हे, हे आधी घरात सगळ्यांना सांगून टाक. तुझा बाप माझा धाकटा भाऊ. त्याने फोनवर तुझ्या एमबीएच्या विचाराचं सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न पगाराचा केला. तो चुकीचा नाही, पण पहिला नाही. पहिला प्रश्न हा, की दोन वर्षं तिथे नेमकं काय होतं.

मी पुण्यात शिकले आणि पुढे नोकरीही आकड्यांच्याच खात्यात केली. त्यावरून सांगते. पुरी माहिती हाताशी नसताना, वेळ थोडा असताना, चार लोकांसमोर निर्णय घ्यायचा आणि तो का घेतला ते आकड्यांनिशी सांगायचं, याचा तिथे सराव होतो. बी.कॉम.ला गणिताचं उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं असायचं. तिथे सर विचारतील, "मालकाच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?" तू काहीही सांगितलंस तरी पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "का?"

शनिशिंगणापुरात वाढलेल्या मुलीला हे नवं नाही. शनिअमावास्या जवळ आली की तुझी आई दुकानात किती तेल, किती नारळ, किती रुईच्या माळा भरायच्या ते ठरवते. तेल राहिलं तर पुढच्या शनिवारी खपतं, माळ दुसऱ्या दिवशी सुकते. कमी भरल्या तर दुपारीच टोपली रिकामी होते आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. या प्रश्नाला ऑपरेशन्सच्या पुस्तकात पेपरवाल्याचा प्रश्न म्हणतात, कारण कालचा पेपर आज कुणी घेत नाही. त्याचा हिशेब असा. धर, माळ 6 रुपयांना पडते आणि 20 ला जाते. उरली तर 6 गेले, कमी पडली तर 14 हुकले. 14 आणि 6 मिळून 20, त्यात 14 म्हणजे 70 टक्के. म्हणजे दहातल्या सात अमावास्यांना पुरेल एवढा माल भरायचा. तुझी आई अंदाजाने त्याच्या आसपासच पोचत असेल. पण तिला का, असं कुणी विचारत नाही. तुला विचारतील, आणि "आमच्याकडे असंच करतात" हे उत्तर तिथे चालत नाही.

आता प्रवेशाचं. राज्याची सीईटी संगणकावर होते. 200 प्रश्न, 150 मिनिटं. 75 प्रश्न तर्काचे, 25 आकृत्यांचे, 50 गणिताचे, 50 इंग्रजीचे. एका प्रश्नाला 45 सेकंद मिळतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न मोकळा ठेवायचा नाही. कॅटमध्ये पर्याय चुकला तर गुण कापतात, तिथे ही युक्ती चालत नाही. तरी तू परीक्षा देशील त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाच, क्लासवाल्याच्या सांगण्यावर जाऊ नकोस. या परीक्षेत अवघड प्रश्न सोडून पुढे जाता येणं हीच मोठी कसोटी आहे, आणि आपल्या पोरांना तेच जड जातं. एका गणिताला पाच मिनिटं चिकटून बसतात, कारण शाळेत सोडून देणं म्हणजे हार असं शिकवलेलं असतं.

एमबीए ही विद्यापीठाची पदवी आणि पीजीडीएम हा स्वायत्त संस्थेचा डिप्लोमा. नावावरून दुसरं हलकं समजू नकोस. आयआयएमसुद्धा 2017 चा कायदा होईपर्यंत डिप्लोमाच देत होत्या. फरक संस्थेत असतो. मुंबईत जमनालाल बजाज संस्था 1965 पासून आहे, पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग 1971 पासून. त्यांच्याकडे सगळेच पाहतात. तू पुण्यातल्या वैकुंठ मेहता सहकार व्यवस्थापन संस्थेचीही माहिती काढ. ती 1967 मध्ये स्थापन झाली आणि सहकार व शेतीव्यवसाय हा तिचा खास विषय आहे. सोनईच्या साखर कारखान्याचा भोंगा ऐकत वाढलेल्या मुलीने ती न पाहता पुढे जाऊ नये, असं मला वाटतं.

कॉलेजचं रंगीत पत्रक हातात आलं की 'सरासरी पॅकेज' हा शब्द शोध आणि त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. दहा मुलांपैकी नऊ जणांना 5 लाखांची नोकरी लागली आणि एकाला 35 लाखांची, तर सरासरी 8 लाख येते. त्या वर्गातल्या एकालाही 8 लाख मिळालेले नसतात. म्हणून मध्यक विचार, म्हणजे रांगेत मधोमध उभ्या असलेल्या मुलाचा पगार. किती मुलांनी नोकरीसाठी नाव दिलं, किती जणांना लागली आणि ती कोणत्या कामाची होती, तेही विचार. गेल्या वर्षी पास झालेल्या दोघी-तिघी मुली गाठून त्यांच्याशी बोल. कॉलेजात जे सांगत नाहीत ते त्या सांगतील.

पैशाचं मी जरा लांबवून सांगणार आहे, कारण आपल्यासारख्या घरांची दोन वर्षांनंतरची झोप त्याच्यावर असते. धर, 8 लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं. शिकत असताना आणि त्यानंतर सहसा वर्षभर हप्ता नसतो. याचा अर्थ व्याज नसतं असा बाप समजतो. व्याज चालूच असतं. 10 टक्के सरळ व्याज धरलं तरी सगळी रक्कम उचलल्यावर वर्षाला 80 हजार चढतात. पुढे सात वर्षांत नुसते 8 लाख फेडायचे म्हटले तरी महिन्याला 13 हजारांच्या वर हप्ता बसतो, आणि मधलं चढलेलं व्याज त्यात मिळवलं की आणखी वाढतो. सुरुवातीचा पगार हातात 30 हजार आला, तर खोली, मेस, प्रवास आणि हप्ता यांत किती उरतं ते आत्ताच वहीत मांड. जमत असेल तर शिकत असतानाच दरमहा व्याज भरत राहायला बापाला सांग. दुकानाच्या गल्ल्यातून दोन-चार हजार जरी त्यात गेले तरी पुढचा भार हलका होतो. पुढे तुझं उत्पन्न करपात्र झालं तर या व्याजाची वजावट जुन्या करपद्धतीत आठ वर्षांपर्यंत मिळू शकते. तेही लक्षात असू दे.

कर्जाच्या आधी सवलत बघ. 2024-25 पासून राज्य सरकारने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. अट अशी, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेलीस की हा हक्क गेला. म्हणून कुणी ओळखीने 'सीट करून देतो' म्हणाला तर त्याला हात जोड. आपल्या रस्त्यावर गाडीला लटकून भक्तांना ठरावीक दुकानात नेणारे लटकू असतात ना, प्रवेशाच्या बाजारातही तसेच असतात. त्यांचं कमिशन शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातं.

कॉलेज सुरू झालं की पहिलं सत्र दम काढतं. हिशेब, संख्याशास्त्र, मार्केटिंग, अर्थशास्त्र, माणसांच्या वागण्याचा अभ्यास, सगळं एकदम अंगावर येतं. वर्गात निम्मे इंजिनियर असतील. त्यांना आकडे जमतात, ताळेबंद जमत नाही. तुला उलट. पहिल्या महिन्यात एखाद्या इंजिनियर मुलीशी गट्टी कर. तू तिला जमा-नावे शिकव, तिने तुला एक्सेल आणि संख्याशास्त्र शिकवावं. एक्सेल तर जायच्या आधीच हात बसेपर्यंत शिकून घे. दुकानाचा मागच्या वर्षाचा हिशेब त्यात भर, त्याच्याइतका सराव कुठलाच क्लास देत नाही.

आणि तो हिशेब भरताना एक गोष्ट करून बघ. धर, दुकानाची महिन्याची विक्री 2 लाख. माल 1 लाख 20 हजारांचा. राहिले 80 हजार. त्यातून कमिशनचे 20 हजार गेले, गड्याचे 12 हजार, वीज आणि किरकोळ 3 हजार. 45 हजार सुटले असं घरात म्हणतात आणि समाधान मानतात. मालकीच्या दुकानाच्या हिशेबवहीतही तेवढाच नफा दिसेल आणि ते बरोबर आहे. पण निर्णय घ्यायला बसलं की वेगळं विचारावं लागतं. बाप, आई आणि तुझा भाऊ, तिघं पहाटेपासून रात्रीपर्यंत तिथे उभे असतात. बाहेर कामाला गेले असते तर प्रत्येकी 12 हजार मिळाले असते, म्हणजे 36 हजार. जागा स्वतःची आहे, ती भाड्याने दिली असती तर 10 हजार आले असते. झाले 46 हजार. दुकान 45 हजार देतं. म्हणजे महिन्याला 1 हजार कमीच पडले. याला ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणतात. व्याख्या तर कुणीही पाठ करतं. स्वतःच्या घरावर लावून बघायला धीर लागतो. याचा अर्थ दुकान बंद करा असा नाही. आईला घर सांभाळून काम मिळतं, भावाला धंदा कळतो, रोजचा पैसा हातात असतो, त्यालाही किंमत आहे. पण कमिशनचे 20 हजार कमी झाले तर काय बदलेल, हा प्रश्न त्या कागदावरूनच सुचतो. एमबीएच्या दोन वर्षांत असा एक कागद जरी तू घरच्यांसमोर ठेवू शकलीस, तरी शिकल्याचं चीज झालं असं मी म्हणेन.

केस स्टडी नावाचा प्रकार असतो. एखाद्या कंपनीची दहा-वीस पानांची हकिकत देतात आणि निर्णय विचारतात. रात्री वाचायची, सकाळी वर्गात बोलायचं. मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्ड बिझनेस स्कूलने 2010 मध्ये केस लिहिली आहे. ती माणसं पुणे जिल्ह्यातल्या मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावची आणि आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले-संगमनेरची. वर्गात तिची चर्चा निघेल तेव्हा सगळे डब्यावरच्या खुणांचं आणि लोकल गाड्यांचं कौतुक करतील. तू विचार, एकाच मुलखातली, नात्यागोत्याची माणसं एकत्र काम करतात याचा त्या शिस्तीत वाटा किती? नवा माणूस कसा घेतात, चूक झाली तर कोण निस्तरतं? गावात वाढल्यामुळे हे प्रश्न तुला सुचतील, शहरात वाढलेल्याला कदाचित सुचणार नाहीत. तिथे तोंड उघडायला लाजू नकोस.

इंग्रजीचं मला माहीत आहे, तू मनात घाबरली आहेस. वर्गात फाडफाड बोलणारी मुलं पहिल्या दोन महिन्यांत भारी वाटतात, तिसऱ्या महिन्यापासून ती काय बोलतात तेही ऐकू येऊ लागतं. तू छोटी वाक्यं बोल. रोज इंग्रजी पेपरचं धंद्याचं एक पान मोठ्याने वाच आणि त्यातली एक बातमी तीन वाक्यांत लिहून काढ. वर्गात प्रत्येक तासाला एक प्रश्न तरी विचारायचाच, असा नेम ठेव. पहिल्या आठवड्यात जो गप्प बसतो त्याला पुढे बोलणं आणखी जड जातं.

गटकामाचा त्रास होईल, हे आधीच सांगते. पाच-सहा जणांचा गट, एकजण गायब, एकजण सगळं आपल्याच हाताने करणारा, दोघं भांडणारे. गुण मात्र सगळ्यांना सारखे. मुली बहुतेक वेळा टायपिंग आणि सजावटीच्या कामाला लावल्या जातात. ते मुकाट्याने घेऊ नकोस. पहिल्याच बैठकीत कुणी काय आणि कधीपर्यंत करायचं ते लिहून गटाच्या व्हॉट्सॲपवर टाक, आणि आकड्यांचा भाग स्वतःकडे माग. पुढे नोकरीत माणसं अशीच मिळतात, म्हणून गट बदलून घ्यायची घाई करू नकोस.

आपल्या गावाचं नाव सांगितलं की सगळे दारांबद्दल विचारतील. खरंच घरांना दारं नाहीत का, बँकेला कुलूप नाही का? प्रेमाने सांग. युको बँकेने 2011 मध्ये कुलूप नसलेली शाखा उघडली तेव्हा देशभर बातमी झाली होती, तेही सांग. श्रद्धेची टिंगल कुणी केली तर ऐकून घेऊ नकोस. पण वर्गात ऑडिटचा विषय निघाला की लक्ष दे. गावात विश्वास चालतो कारण माणूस माणसाला ओळखतो आणि देवाचा धाक असतो. हजार माणसांच्या कंपनीत रोज तपासणी करावी लागते, आणि तपासणी मागणं म्हणजे कुणाच्या इमानाचा अपमान करणं नव्हे. आपल्याकडच्या मुलांना हे मनातून पटायला वेळ लागतो. कॅश मोजून घ्यायला, पावती मागायला, सही घ्यायला ती संकोचतात. तू संकोचू नकोस.

पहिलं वर्ष संपलं की सुट्टीत दोनेक महिन्यांची इंटर्नशिप असते. बरीच मुलं कुणाचा तरी जुना प्रकल्प घेऊन नाव बदलून देतात. ते करू नकोस, कारण मुलाखतीत सर्वात जास्त प्रश्न त्यावरच येतात आणि दोन मिनिटांत उघडं पडतं. पुण्याच्या वातानुकूलित ऑफिसात फोटोकॉपी काढण्यापेक्षा घोडेगावच्या कांदा बाजारात किंवा एखाद्या साखर कारखान्याच्या लेखा विभागात काम मिळालं तर ते घे. कारखान्याचं अर्थशास्त्र तर एमबीएच्या पुस्तकापेक्षा अवघड आहे. ऊस चार-पाच महिन्यांत गाळायचा, 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेली उसाची किमान किंमत, द्यायची, आणि साखर मात्र वर्षभर विकायची, तीही केंद्राने 2018 पासून पुन्हा सुरू केलेल्या महिन्याच्या कोट्याप्रमाणे. पैसा आधी जातो, मागून हळूहळू येतो. मधल्या काळात साखर तारण ठेवून बँकेकडून उचल घ्यायची आणि तिचं व्याज भरायचं. खेळतं भांडवल हा धडा इतका उघड दुसरीकडे कुठे दिसेल? आपल्या बांधावरचा शेतकरी 'बिल अजून जमा झालं नाही' म्हणून चिडतो, त्याच्या मागे हा सगळा हिशेब असतो. तो तुला दोन्ही बाजूंनी समजला तर कुठल्याही मुलाखतीत तू अर्धा तास बोलू शकशील.

प्रवरानगरचा कारखाना आठव. फारसे शाळेत न गेलेले विठ्ठलराव विखे पाटील आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ एका टेबलाशी बसले आणि 1950-51 मध्ये त्या कारखान्याचा पहिला हंगाम झाला. पहिले अध्यक्ष गाडगीळ होते. शेतकऱ्याला काय परवडतं ते एकाला ठाऊक, भांडवल कसं उभं राहतं ते दुसऱ्याला. तुला या दोघांच्या मधली जागा भरायची आहे. शहरातल्या कंपनीत गेलीस तरी तुझं वेगळेपण तेच राहील.

नोकरीच्या मोसमात कॉलेजात वातावरण तापतं. मैत्रिणीला लागली, मला नाही, असं होऊन मुली रडतात. पहिल्याच महिन्यात लागलेली नोकरी चांगलीच असते असं नाही. विमा किंवा कर्ज विकण्याची नोकरी कित्येकदा 'मॅनेजमेंट ट्रेनी' या नावाने येते. विक्रीचं काम हलकं नव्हे, मी तर म्हणते वर्षभर ते करच. पण सही करण्याआधी पगारातला ठरलेला भाग किती आणि विक्रीवर अवलंबून किती ते लेखी माग. बाँड असेल तर त्याची मुदत आणि रक्कम वाच. घरून लग्नाचा विषय याच सुमारास निघेल. बापाशी मी बोलेन, ते माझ्यावर सोड.

आणि आत्ता करायचं काम एकच. उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि नॉन-क्रीमीलेअर हे तिन्ही काढायला वेळ लागतो, आणि प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रावर रांगा लागतात. सोमवारी सकाळी बापाला घेऊन नेवाशाला तहसीलला जा, अर्ज टाक आणि पोचपावती मला पाठव.